आरोग्याचा पाठ : उठताना हात कुठं टेकतो?



हा पाठ जरा लांब आहे. बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी मध्ये मध्ये थांबवून बोलावं. एका बैठकीत नाही संपला तर दोन बैठकांत घ्या.

गेल्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, दोन कर्जांचे अर्ज वाचले, चहा झाला. अध्यक्षताई म्हणाल्या, चला, संपली बैठक. मी दाराशी उभी होते, म्हणून सगळ्याजणी सतरंजीवरून उठताना दिसल्या. बावीस जणींत हात न टेकता सरळ उठल्या त्या पाच-सहा, त्याही बहुतेक नव्या सुना. बाकीच्या कुणी गुडघा दाबत, कुणी शेजारणीचा खांदा धरत, कुणी आधी दोन्ही हातांवर ओणवं होऊन मग उठल्या. "आई गं" तर सगळीकडून. मला हसू आलं. आणि मग चप्पल घालायला एका पायावर उभी राहिले तर मीच भिंत धरली! माझं वय ४७.

एक ताई म्हणाल्या, "वय झालं आता, चालायचंच." त्या ताई ४२ वर्षांच्या आहेत. म्हणजे अजून तीस-पस्तीस वर्षं त्यांना याच गुडघ्यांवर काढायचीत. शेतात बसायचंय, एस्टीची पायरी चढायचीय, उकिडवं बसून उठायचंय. त्या पस्तीस वर्षांत दुसऱ्याचा हात धरूनच उठायचं का, हे आज चाळिशीत बरंचसं आपल्या हातात आहे. साठीत ते अवघड होतं, पण तेव्हाही हातातून गेलेलं नसतं. १९९० साली अमेरिकेत बोस्टनजवळ एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या म्हाताऱ्या माणसांकडून आठ आठवडे पायाचा वजनाचा व्यायाम करून घेतला होता. त्यांच्या पायातली ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीत वाढते, तर आपण कोण लागून गेलो?

शरीरात काय होतं

स्नायू म्हणजे हाडाला धरून असलेलं मांस. दंड, पोटरी, मांडी, कुल्ले, पाठ. तेच आपल्याला हलवतं, उचलतं, पडताना सावरतं. तिशीनंतर हे मांस दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के कमी होत जातं. कळत नाही, कारण जागा चरबी घेते. वजनकाट्यावर आकडा तोच, ब्लाउजची बाही तेवढीच घट्ट, पण आत बदललेलं असतं.

दुसरी गोष्ट हाडांची. पाळी बंद होते तेव्हा अंगातलं एक संप्रेरक उतरतं आणि त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. मग अंगणात साधं घसरून पडलं तरी मनगट मोडतं, आणि पुढं म्हातारपणी खुबा. खुबा मोडलेली सासू ज्यांनी सांभाळलीय त्यांना याहून जास्त सांगायला नको.

इथं एक गोष्ट मुद्दाम लिहिते. आपल्याकडं कितीतरी जणींच्या गर्भपिशव्या लवकर काढलेल्या आहेत. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांचा हा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला आणि चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील, तर त्या बाईची पाळी पन्नाशीत हळूहळू जात नाही, ऑपरेशनच्या दिवशीच जाते. मग ती ३५ ची असो नाहीतर ३८ ची, तिच्या हाडांची झीज तिथूनच सुरू. अशा मैत्रिणींनी हा पाठ पन्नाशीसाठी राखून ठेवू नये. आणि अंडाशयं काढलीत की नाही हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी ऑपरेशनचा कागद आशाताईला किंवा डॉक्टरांना दाखवून विचारून घ्यावं. ते आपल्याच अंगाबद्दल आहे, विचारायला लाजायचं काही कारण नाही.

"आम्ही तर दिवसभर राबतो"

हे प्रत्येक बैठकीत येतं, आणि खरंच आहे. सहा तास खुरपणी करणाऱ्या बाईला व्यायाम कर म्हणायचं म्हणजे तिची थट्टाच वाटते. मलाही पूर्वी तसंच वाटायचं.

पण बघा. खुरपायला बसलं की तासन् तास एकाच ठेवणीत. कळशी कायम डाव्याच कमरेवर. भारा कायम डोक्यावर, मान दाबून. पाठ दिवसभर वाकलेली, पण मांडी आणि कुल्ल्याला पूर्ण ताकद लावावी लागेल असं काम क्वचित. आणि जे ओझं दहा वर्षांपूर्वी उचलत होतो तेवढंच आज. अंगाला त्याची सवय झालेली असते, त्यामुळं अंग दमतं पण बळकट होत नाही. स्नायू वाढतो तो सवयीपेक्षा थोडंसं जास्त वजन मिळालं, त्यानंतर एक-दोन दिवस आराम मिळाला आणि पोटात नीट अन्न गेलं तर. यातलं पहिलं एखादवेळी मिळतं. आराम आणि अन्न, तुम्हीच सांगा.

ज्या मैत्रिणी शिवणयंत्रावर किंवा पापडाच्या शेडमध्ये बसतात, त्यांचं तर उलटंच आहे. नळ दारात आला, मिक्सर आला, गिरणी आली. हे चांगलंच झालं, जातं परत आणा असं कुणी म्हणणार नाही. पण त्या कामात जी ताकद लागायची ती आता कुठंच लागत नाही.

म्हणून हा व्यायाम कामाच्या वरती आणखी काम म्हणून धरू नका. काम करताना अंग मोडू नये यासाठी तो आहे. आठवड्यातून दोन दिवस पुरतात, तीन झाले तर उत्तम. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. एका दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं. ज्या दिवशी लावणी किंवा काढणीची घाई आहे त्या दिवशी करू नका.

काय करायचं

सामान घरातलंच. एक न हलणारी खुर्ची किंवा बाज, दोन पाण्याच्या बाटल्या, एक मजबूत कापडी पिशवी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे लक्षात ठेवा. पिशवीत ज्वारी किंवा वाळू भरून दुकानातल्या काट्यावर तोलून आणा.

पहिली उठबस. खुर्चीच्या पुढच्या काठावर बसायचं, पाय खांद्याइतके लांब, हात छातीवर. पुढं थोडं झुकून, टाचेवर जोर देऊन उठायचं, आणि बसताना धपकन नाही, हळू बसायचं. बसतानाच खरा व्यायाम होतो. गुडघे आत एकमेकांकडं वळू देऊ नका. ज्यांना जमतच नाही त्यांनी खुर्चीवर जाड गोधडीची घडी ठेवून उंची वाढवावी, आणि दर पंधरा दिवसांनी घडी कमी करावी. जमायला लागलं की छातीशी पिशवी धरून. एवढा एकच प्रकार केला तरी चालेल, इतका तो कामाचा आहे.

दुसरा प्रकार म्हणजे भिंतीला जोर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे भिंतीला लावायचे, कोपरातून वाकत छाती भिंतीकडं न्यायची आणि ढकलून मागं. सोपं झालं की स्वयंपाकाच्या ओट्यावर हात ठेवून. दंड आणि छाती यानं बळकट होते.

तिसरा ओढण्याचा. डावा हात बाजेवर टेकून वाकायचं, पाठ सपाट, उजव्या हातानं पिशवी जमिनीवरून ओढून कमरेपर्यंत आणायची. विहिरीतून पोहरा ओढायचो तसं, फक्त एका हातानं. मग दुसरी बाजू. दिवसभर वाकून ज्यांची पाठ गोल झालीय त्यांच्यासाठी हा फार चांगला.

चौथा उचलण्याचा, आणि इथं सगळ्यात जास्त चुका होतात. आपण हंडा उचलताना पाय ताठ ठेवून कंबरेतून गोल वाकतो. तसं नको. हंडा दोन्ही पायांच्या मध्ये, अगदी जवळ. कुल्ले मागं न्यायचे, जशी मागं खुर्ची आहे आणि तिला लावायचेत. गुडघे थोडे वाकलेले, पाठ सरळ. मग पायानं जमीन दाबत उठायचं. आधी अर्धी बादली घेऊन शिका. हा एकदा अंगात भिनला की शेतातली पाटीसुद्धा तशीच उचलाल, आणि संध्याकाळी कंबर धरून बसायची वेळ कमी येईल.

बाकी दोन झटपट सांगते. उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि कुल्ले वर उचलून तीन आकडे थांबायचं. आणि चूल नाहीतर गॅसपाशी उभं असताना टाचा उचलायच्या, मग ओटा धरून एकेका पायावर उभं राहायचं. भाकरी भाजली जाईपर्यंत होतं.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा. थोडं थांबून परत तेवढाच. शेवटचे दोन जड वाटले पाहिजेत, पण ठेवण बिघडता कामा नये. बारा सहज व्हायला लागले की पिशवीत अर्धा किलो वाढवा. वजन वाढवलं नाही तर फायदा तिथंच थांबतो. कर्जाचा हप्ता असतो तसं धरा, एकदम सगळं नाही, पण दर वेळी थोडं. श्वास कोंडू नका. उचलताना मोठ्यानं आकडे मोजा, म्हणजे श्वास आपोआप सुटतो आणि रक्तदाब चढत नाही.

पहिल्या आठवड्यात मांड्या दोन दिवस दुखतील, घाबरू नका. पण सांध्यात कळ आली, छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबायचं.

आधी विचारून घ्या

ज्यांना रक्तदाब, हृदयाचा त्रास आहे, मणक्याची नस दबलेली आहे, हर्निया आहे, नुकतं ऑपरेशन झालंय, किंवा साध्या पडण्यानं हाड मोडलंय, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं. आणि ज्यांचं अंग बाहेर येतं त्यांनीही. हे दुखणं बायका वर्षानुवर्षं पदराखाली लपवतात. खोकताना, शिंकताना, ओझं उचलताना लघवी सुटते हेही तसंच. आपल्यातल्या कितीतरी जणींना हे आहे, आणि त्यावर उपाय आहे. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतो, ते रिकाम्या वेळी पाच आकडे आवळायचे आणि सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. (रोज लघवी करताना रोखून बघायचं नाही, ते फक्त एकदा ओळख पटावी म्हणून.) सुधारायला दोन-तीन महिने लागतात.

उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर फुकट तपासतात. त्याच वेळी हिमोग्लोबिनही तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. रक्तच कमी असेल तर दोन उठबशांत धाप लागेल, आणि आपण म्हणू की व्यायाम झेपत नाही.

ताटात काय उरतं

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्यायामानं स्नायूला फक्त निरोप जातो की वाढ. वाढायला लागतं प्रथिन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम लागतं.

आपला हिशेब मांडून बघू, बचतीच्या वहीत मांडतो तसा. ज्वारीच्या तीन भाकरी, म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास पीठ, त्यातून मिळतात २० ग्रॅम. वाटीभर भात, ३. चहातलं दूध, २-३. आणि आमटी? सहा माणसांच्या घरात एक मोठी वाटी, म्हणजे १५० ग्रॅम तूरडाळ शिजते. तिच्यात सगळी मिळून ३३ ग्रॅम प्रथिनं. सारखी वाटली तर प्रत्येकाला साडेपाच. पण सारखी कुठं वाटली जाते? आधी मालक, मग मुलं, मग सासू-सासरे. आपण बसतो तेव्हा पातेल्यात पाणी घालून वाढवलेली आमटी असते. तिच्यात असलं तर दोन ग्रॅम. बेरीज करा, तिशीच्या आत-बाहेर येते. रोज १५ ग्रॅमची तूट, आणि ती वर्षानुवर्षं.

ही तूट अंग कुठून भरतं? आपल्याच मांसातून.

भरून काढायला महागाचं काही लागत नाही. मूठभर शेंगदाणे, ३० ग्रॅम, त्यात ७ ग्रॅम. तेवढेच फुटाणे, ६ ग्रॅम. मटकी, हुलगा, चवळी यातलं काहीही ३० ग्रॅम कोरडं घेऊन उसळ केली की ६-७ ग्रॅम. एक अंडं, ६. पेलाभर दूध, ६. सोयाबीनच्या वड्या तर वजनाच्या निम्म्या प्रथिनंच असतात, ३० ग्रॅममध्ये १५. खाणाऱ्यांना सुकट, मासे, कोंबडी आहेच. भाकरी डाळ-उसळीबरोबरच खावी, कारण ज्वारी-बाजरीच्या प्रथिनात जे कमी असतं ते डाळ भरून काढते. पिठलं-भाकरी करणाऱ्या आपल्या आज्या काही चुकत नव्हत्या. हाडांसाठी नाचणी, तीळ, हुलगा, शेवग्याचा पाला, दूध. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. ज्यांना किडनीचा आजार आहे त्यांनी मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

एक बोचरी गोष्ट लिहू का? आपल्यातल्या कितीजणींनी गटाच्या कर्जातून गाय, म्हैस, कोंबड्या घेतल्या. दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जातं, अंडी बाजाराला. आणि त्याच पैशातून येताना पोरांना बिस्किटाचे पुडे. हप्ता फेडायला हवा हे मला मान्य आहे, मीही फेडते. पण पेलाभर दूध आणि एक अंडं हा त्या जनावराचा खर्च म्हणून आधी बाजूला काढा, पेंडीचे पैसे काढतो तसे. ज्या बाईच्या जिवावर तो धंदा चालतो तिला ते मिळालं पाहिजे.

आमटीचं मी घरी असं केलंय. फोडणी देऊन पाणी घालायच्या आधी शिजलेल्या घट्ट वरणाची एक वाटी काढून झाकून ठेवते. पहिल्या दिवशी सासूबाईंनी बघितलं. काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "माझी पण एक काढ." आता डाळ दीड वाटी शिजवते.

पोट कमी होईल का?

हा प्रश्न बैठकीत कुणी विचारत नाही, बैठक संपल्यावर बाजूला घेऊन विचारतात. खरं उत्तर असं की फक्त पोटावरची चरबी काढणारा व्यायाम नसतो. चरबी उतरते ती सगळ्या अंगावरून, आणि कुठून आधी उतरायची ते अंगच ठरवतं. पण स्नायू आले की दंड-मांडी घट्ट होते, पाठ सरळ होते, त्यामुळं बाई आहे त्याच वजनात वेगळी दिसते. म्हणून काट्यावर रोज चढू नका. महिन्यातून एकदा बेंबीच्या उंचीवर शिंप्याची टेप लावा. कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असलेली बरी.

ज्यांना वजन कमी करायचंय त्यांनी भाकरी बंद करू नये, उपास वाढवू नयेत. उपाशी राहून उतरलेल्या वजनात मांसही जातं. आणि आपला उपास म्हणजे साबुदाणा आणि बटाटा, त्यात प्रथिन असतं ते शेंगदाण्याच्या कुटातलं तेवढंच. त्यापेक्षा चहा बघा. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे ४०-५० ग्रॅम. महिन्याला सव्वा ते दीड किलो साखर एकटी बाई चहातून पिते. मी आधी कप तेवढेच ठेवून चमचा एक केला. कप कमी करायला पुढं दोन महिने लागले, ते काही सोपं गेलं नाही.

आणि पावडरी. मागच्या वर्षी ओळखीतल्याच एका बाईनं वजन उतरवायच्या पावडरचे दोन डबे मला गळ्यात मारले. जेवणाऐवजी प्यायची. तीन आठवड्यांत तीन किलो उतरलं, आणि जिना चढताना मांड्या लटपटायला लागल्या. डबे संपले, वजन परत आलं. चार हजार गेले. त्या चार हजारांत वर्षभराचे शेंगदाणे आले असते, आणि वर अंडीही. गटात कुणी अशी साखळीची विक्री घेऊन आलं तर बैठकीत विषय काढा, एकटीनं ठरवू नका.

बैठकीत करायचं काम

या महिन्याच्या बैठकीत बचत जमा झाल्यावर एक खुर्ची मध्ये ठेवा. प्रत्येकीनं हात छातीवर ठेवून अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उठबस होते ते मोजायचं. सचिवताईंनी मोबाईलवर वेळ लावावी, शेजारी एकजण सावरायला उभी राहील. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईच्या निदान बारा व्हाव्यात, असं हे मोजमाप करणारे तज्ज्ञ धरतात. चाळिशीतल्या बाईला त्याहून जास्त यायला हवं. ज्यांचे गुडघे फार दुखतात त्यांना जबरदस्ती नको, आणि कुणाचा आकडा कमी आला म्हणून हसू नका.

आकडे वहीच्या मागच्या पानावर नावापुढं लिहा, त्यापुढं कालच्या जेवणात डाळ, उसळ, अंडं, दूध यातलं काय काय आलं तेही. तीन महिन्यांनी परत मोजायचं. माझी सुरुवात अकरावर झाली होती. सध्या सोळा होतात, आणि चप्पल घालताना भिंत लागत नाही, डाव्या पायावर मात्र अजून थोडी हलते.